उंचावरची दांडी

वेदश्री त्या दुकानात शिरली ती चुकूनच. तिला जायचं होतं शेजारच्या मोठ्या दुकानात. पण ते सोमवारी बंद असतं हे धारवाडच्या माणसाला कोण सांगणार? श्रावणी सोमवार म्हणून ती शिकवते ती शाळा अर्धा दिवस, म्हणून केलगेरीहून निघून, चिगरी बसमध्ये उभ्याने हुबळीपर्यंत आलेली... आणि समोर हे भलंथोरलं कुलूप. बाजूच्या पायरीवर ती नुसती छत्री मिटायला चढली.

"आत या की. कमोड काही चावत नाहीत."

आवाज वरून आला. शिडीवर एक माणूस उभा होता. इतका उंच, की त्याला शिडी कशाला लागते हाच प्रश्न पडावा.

"मी... शेजारी आले होते."

"शेजारी उद्या उघडेल. तोवर आमच्याकडचं बघून नाक मुरडून घ्या."

वेदश्रीला हसू आलं. हे तिचं पहिलं चुकलं, असं तिनं नंतर स्वतःला बजावलं. सामान घ्यायला गेलेल्या बाईनं हसू नये, भाव उतरत नाही.

काम छोटंसंच होतं. पाच बाय सहाची न्हाणी. महिन्यापूर्वी तिचे वडील, अप्पा, तिथे घसरले, खांद्याचं हाड सरकलं. आता तिला न घसरणारी फरशी, बसायचा कमोड आणि धरायला हँडल हवं होतं. अप्पांना यातलं काहीच नको होतं. "हँडल म्हातारी माणसं लावतात," असं ते वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी म्हणत होते.

"हँडल मी लावून देतो," उंच माणूस म्हणाला. त्याचं नाव चेतन. मिरजेकडून येऊन तीन पिढ्या हुबळीत दुकान चालवणाऱ्या घरातला. "आणि लावल्यावर स्वतः येऊन त्याला लोंबकळतो. माझं वजन पेललं तर अप्पांचं पेलेल. ही आमच्या दुकानाची रीत."

तेवढ्यात एक कॉलेजातली मुलगी आली. "बर्री अक्का, या, काय देऊ?" मग एक आजीबाई आल्या, त्याही अक्काच. वयाच्या विशीपासून सत्तरीपर्यंत सगळी बाईमाणसं त्याच्या लेखी अक्का. वेदश्री कान देऊन होती. तिला मात्र तो तासभर नुसतं 'तुम्ही' म्हणत होता.

एकतिसाव्या वर्षी असल्या गोष्टी मोजू नयेत. तिनं मोजल्या.

दुसऱ्या सोमवारी ती न्हाणीची मापं घेऊन गेली. चेतननं खडू घेतला आणि दुकानाच्या भुईवर अख्खी न्हाणी काढली, खरीखुरी, पाच बाय सहा.

"कागदावर सगळ्याच न्हाण्या मोठ्या दिसतात. चला, आत या. दार इकडे आहे, भिंतीतून येऊ नका."

ती दारातून आत गेली. मागोमाग तोही. आणि मग दोघांच्याही लक्षात आलं, की पाच बाय सहा म्हणजे फारच कमी जागा.

"दार कसं उघडतं? आत का बाहेर?"

"आत."

"म्हणजे मी गेलो चेंगरून." तो अंग चोरून कोपऱ्यात उभा राहिला. गिऱ्हाइकं खडूच्या रेघेबाहेरून वळसा घालून जात होती, जणू भिंत खरीच आहे. "बसा या स्टुलावर. हा कमोड. आता अप्पांसारखं उठून बघा. हात कुठे जातो?"

तिनं डोळे मिटले, अप्पांसारखा जरा कण्हत हात पुढे केला. हात जिथे थांबला तिथे त्याची मूठ होती. हँडलच्या जागी धरलेली... घट्ट.

"इथे?"

"हं... इथेच."

मापाचं टेप त्याच्या दुसऱ्या हातात होतं. ते लावायला दोघंही बराच वेळ विसरले.

तिसऱ्या सोमवारी तिच्याजवळ अप्पांनी लिहिलेली चिठ्ठी होती. टॉवेल टाकायच्या दांड्या दोन. एक साधी. दुसरी उंच.

"किती उंच?"

"तुमचा हात पोचतो ना, तेवढी."

चेतननं हात वर केला. तिनं चवड्यांवर उभं राहून टेप लावलं, तरी पोचेना. "आठ फूट... असेल," ती म्हणाली.

"घरात एवढं उंच कोण आहे ओ?" त्यानं हसत विचारलं.

आता खरं सांगायचं म्हणजे ती उंच दांडी अप्पांच्या सोवळ्याची, आणि न्हाणीत कमोड येणार म्हणून आणखीच उंच. पूजेचा पंचा उंचावर वाळायचा, काठीनं काढायचा, कुणाचा हात लागू द्यायचा नाही, हे तिच्या घरचं पणज्यापासूनचं. पण ज्या माणसाची मूठ आपण आठ दिवसांपूर्वी धरली, त्यालाच 'आमच्याकडे कुणी शिवलेलं चालत नाही' हे कसं सांगायचं?

"आहेत... एक जण. त्यांच्या कपड्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नाही."

चेतनचा हात हळूच खाली आला. त्यानं तिच्या पदरानं झाकलेल्या गळ्याकडे पाहिलं, मग पटकन वहीकडे.

"बरं," तो म्हणाला. "पाठवून देतो... अक्का."

अक्का!

परतीच्या बसमध्ये उणकलचं तळं येऊन गेलं तरी तिला दिसलं नाही. काय झालं एकाएकी? ती मनातल्या मनात सगळं बोलणं पुन्हा म्हणून बघत होती, आणि नवलूरच्या आसपास तिला त्याच्या कानांनी ते ऐकू आलं. उंच आहेत. एक जण. खपत नाही. 'अगं बाई,' ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की शेजारची बाई सरकून बसली.

पण फोन करून सांगायचं काय? 'ऐका, मला नवरा नाही'? न विचारता?

सामान आलं, गणेश मिस्त्री आला, चार दिवसांत न्हाणी झाली. चेतन आला नाही. ओल्या सिमेंटचा वास घरभर राहिला, आणि वेदश्री ते हँडल दिवसातून दहादा धरून बघू लागली.

"घट्ट आहे अक्का, हत्ती बांधा," गणेश म्हणाला.

तिनं शनिवारी फोन केलाच. "तुमच्या दुकानाची रीत राहिलीय. लोंबकळायला कधी येताय?"

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला. मग, "घरी... सगळे असतील ना?"

"सगळे असतील. सकाळी या."

तो रविवारी आला, इस्त्रीचा शर्ट घालून, चेहरा परीक्षेला आल्यासारखा. सरळ न्हाणीत गेला आणि दोन्ही हातांनी हँडलला लटकला. हँडल हललं नाही. मग इकडे तिकडे बघत हळूच म्हणाला, "साहेब दिसत नाहीत?"

वेदश्रीनं तोंड उघडलं, एवढ्यात अप्पा आले. मुकुंदराव. पाच फूट दोन इंच, कमरेला ओला पंचा, हातात काठी.

"वेदू, ही दांडी कुठल्या गाढवानं इतकी वर लावली? अर्धा तास झाला, देव थांबलेत. टाकताना कसंबसं जमलं, आता माझा खांदा उचलत नाही, सोवळं निघत नाही."

"सोवळं?" चेतन म्हणाला.

"मग काय, तुझी लुंगी?"

चेतननं वर पाहिलं. दांडीवर एक पांढरा पंचा. फक्त एक. मग त्यानं अप्पांकडे पाहिलं, वरून खाली. त्याला वेळ लागला नाही. मग वेदश्रीकडे. "म्हणजे ते उंच... एक जण..."

"उंची सोवळ्याची होती," ती म्हणाली. "सांगायला लाजले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"आणि मी इतके दिवस—" तो थांबला. कान लाल झाले होते. "माफ करा, अक्का—"

"ते अक्का आधी बंद करा."

अप्पा एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. चाळीस वर्षं शाळेत वर्ग सांभाळलेला माणूस. मागच्या बाकावर काय चाललंय हे त्यांना पाठ फिरवूनही कळायचं.

वेदश्री स्टूल आणायला वळली. चेतन हलला नाही. दांडी त्याच्या हाताच्या बरोब्बर मापाची होती, पण त्यानं हात वर केला नाही. अप्पांना विचारलं, "मी... काढू का?"

न्हाणीत नळाचा एक थेंब पडला. पणज्यापासून त्या पंच्याला परक्याचा हात लागला नव्हता.

"आंघोळ झालीय?" अप्पांनी विचारलं.

"सहालाच."

"मग काढ. बघत काय उभा राहिलायस?"

चेतननं पंचा काढला, दोन्ही हातांवर घेऊन पुढे केला. अप्पांनी तो घेतला. जाताना दाराशी थबकले, नव्या हँडलला धरूनच उंबरा ओलांडला, आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघितलं. दोघांनीही पाहिलं नव्हतं.

देवघरात घंटा वाजली. चेतन खाकरला.

"गणेशला उद्या पाठवतो. दांडी खाली घेऊ. या घरात कुणाचा हात पोचणार तिथे?"

"राहू दे तिथेच."

"मग काढणार कोण?"

वेदश्रीनं हँडलवरचं नसलेलं पाणी पदरानं पुसलं.

"ज्याचा हात पोचतो त्यानं यायचं."

"हुबळीहून?" तो हळूच म्हणाला. "कधी कधी येऊ?"

"कधी कधी कसं चालेल?" ती म्हणाली. "पूजा रोज असते."