कॅमेऱ्यातून कोण बघतंय?

केयूर आणि हिमानीचं लग्न ठरलं. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. तेव्हा तसं काहीही झालेलं नव्हतं. तेव्हा फक्त उत्तरेत, नदीकाठच्या संकठा घाटावर एका माकडानं केयूरचा चष्मा पळवला होता.

"भैया, हिलना मत," म्हणत एका धूसर मुलीनं माकडापुढे केळं धरलं, चष्मा सोडवला आणि त्याच्या नाकावर ठेवला. मुलगी स्पष्ट झाली.

"अगं आई गं…" केयूर म्हणाला.

"अय्या, मराठी!"

ही हिमानी. तिच्या घरी दारावर माकडांसाठीच स्मार्ट कॅमेरा बसवला होता. आणि नागपूरहून विद्यापीठात आलेला केयूर नेमकं हेच संशोधन करत होता, की असे कॅमेरे गुपचूप कुणाशी काय बोलतात. योगायोग इतका मोठा होता, की दोघांनाही संशय आला नाही.

मग रोज संध्याकाळी तो मुन्शी घाटापासून घाटाघाटानं चालत तिच्या घरी येई आणि कॅमेऱ्यातून वायफायवर दिवसभर गेलेल्या डेटाची नोंद लॅपटॉपवर उतरवून घेई.

"आतलं दिसतं तुला?" एकदा हिमानीनं विचारलं.

"छे. सगळं कुलूपबंद. किती जातंय आणि कधी, एवढंच कळतं."

"म्हणजे मनातलं नाही कळत."

"कॅमेऱ्याला मन नसतं."

"हो… कॅमेऱ्याला नसतं."

त्या दिवशी चहात साखर नव्हती.

अभ्यास संपत आला. संपला की यायला निमित्त उरणार नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी नोंदी चाळता चाळता तो ताडकन उठला.

"काका! कुणीतरी तुमचं दार चोरून बघतंय!"

हिमानीचे वडील, वासुदेवराव, हातात घंटा घेऊनच देवघरातून धावत आले. "कोण?"

"रोज मी यायच्या आधी कुणीतरी कॅमेरा उघडून गल्ली बघत बसतं. मी आत आलो की बंद! आणि तो फोन… याच घरातल्या वायफायवर आहे."

"माकड असेल," हिमानी घाईनं म्हणाली.

"माकडाकडे फोन?"

"चष्मे पळवतात, फोन का नाही पळवणार?"

"पण मी आल्यावर माकड बघायचं का थांबेल?"

हिमानीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. केयूरनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या हातातल्या फोनकडे पाहिलं… चष्मा काढून पुसला. तरी तेच दिसलं.

"माझा फोन बटणांचा आहे," वासुदेवराव म्हणाले आणि देवघरात परत गेले. आरती जरा मोठ्यानंच सुरू झाली.

"रोज?" केयूरनं विचारलं.

"वळणावर आलास की दिसतोस. मग लगेच दार… फार थोडा वेळ दिसतोस रे."

"उद्यापासून हळू चालतो."

"उद्या? अभ्यास संपला ना तुझा?"

"संपला. पण चोर कुठे पकडलाय अजून…"

"मग पकड की," म्हणत तिनं हात पुढे केला.

अहवाल केयूरनं लिहिला. शेवटची शिफारस तेवढी हिमानीनं सांगितली:

"उत्पादक कंपनीस विनंती करण्यात येते, की सदर कॅमेऱ्यास गल्लीच्या वळणापलीकडचे, थेट मुन्शी घाटापर्यंतचे दिसेल, अशी तजवीज तातडीने करण्यात यावी."