घळीच्या अलीकडे

खुंटीवर एक पिवळा दोर. नीट वेटोळं घालून, टोकाला गाठ मारून, वाळत.

•

कचेरीच्या दाराआड चिकटवलेला कागद: ‘दिसलं की करा. विचारत बसू नका.’ खाली दुसऱ्या शाईत: ‘हा कागद लावताना कोणाला विचारलं होतं?’

•

सोमवारी दुपारी चाचणीचा भोंगा वाजला की खालच्या वस्तीतली कुत्री गळा काढायची. या सोमवारी कुत्री वाट पाहून पाहून झोपली.

•

“भोंगा वाजला की उठेन,” म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. पूर्वी तो पुलावर पहारेकरी होता. आता पाय गेले होते. हट्ट शाबूत होता.

•

बर्फ वितळताना आवाज करत नाही. हेच त्याचं वाईट.

•

तर मोहीम अशी होती. नदीच्या उगमाशी, डोंगराच्या खांद्यावर एक तळं आहे आणि त्याला बांध आहे तो नुसत्या बर्फाचा. बांधाच्या कडेवर लोखंडी मनोरा, मनोऱ्यावर पाणी मोजायचं यंत्र. पाणी खुणेच्या वर गेलं की यंत्र इशारा पाठवतं आणि खाली वस्तीत भोंगा वाजतो. वादळानंतर यंत्र मुकं झालं होतं, आणि ऊन तर असं तापत होतं की तळं फुगतंय हे कळायला यंत्राची गरज नव्हती. चौघांनी वर जायचं, मनोरा दुरुस्त करायचा, यंत्राला बोलतं करायचं. वस्तीतली निम्मी माणसं टेकडीवर गेली होती. उरलेली ‘भोंगा कुठे वाजलाय अजून?’ म्हणत घरातच होती. त्या उरलेल्यांत, नदीकाठच्या अगदी शेवटच्या घरात, तो म्हातारा होता. पथकाच्या प्रमुखाचा बाप.

प्रमुखाला सगळे ताई म्हणत. ती रांगेत कायम शेवटी चालायची. “पुढे चाललं की फक्त वाट दिसते, मागे चाललं की माणसं दिसतात,” असं तिचं म्हणणं. निघताना वरच्या साहेबांनी बजावलं होतं, “मनोरा वाचलाच पाहिजे. आणि या खेपेला सगळं स्वतः कर, त्यांच्यावर सोडू नकोस.” ती “बरं” म्हणाली होती. बरं म्हणणं आणि ऐकणं या तिच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

सगळ्यांत पुढे दोरकाका. वयाने मोठे; दोर, खुंट्या, गाठी हे सगळं त्यांचं खातं. मग तारवाली, विजेची कामं करणारी, पाठीवर स्वतःच्या वजनाच्या निम्मी पिशवी. आणि मग मुक्या. त्याला मुक्या म्हणत, कारण तो झोपेतसुद्धा बोलायचा.

“काका, तुम्ही चालता का सरपटता? मागे गर्दी होतेय!”

“तू तोंडाने चालतोस, म्हणून तुला दम लागत नाही.”

“तारवाली, यांना जरा शॉक दे गं!”

“पहिला तुला देईन. बघू बंद पडतोस का.”

दुपारपर्यंत चढ चढला. सकाळचा कडक बर्फ उन्हाने भुसभुशीत झाला होता. पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत आत. एकदा वरून दगड सुटले. कोणी ओरडलं नाही, कोणी हुकूम दिला नाही. तिघंही एकाच कपारीत, एकाच वेळी! ताई मागून पाहत होती. अशा वेळी तिला बरं वाटायचं. थोडं वाईटही वाटायचं, पण ते ती कोणाला सांगत नसे.

मग घळ आली.

दोन कड्यांच्या मधून तळ्याचं पाणी फुसांडत खाली जात होतं. मागच्या खेपेला इथे उडी मारता आली होती. आता शक्यच नव्हतं. पाण्याच्या आवाजात शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागत होतं.

“एक दोर इथे बांधून ठेवू, परतीला,” दोरकाका ओरडले. “दुसरा वरच्या उताराला. काढा पिवळा!”

कोणी काढेना.

“पिवळा तुझ्या पिशवीत ठेवला होता मी,” काका तारवालीला म्हणाले. “माझी भरली होती.”

“तो होय? मला वाटलं चुकून दोनदा आला. जास्तीची बॅटरी बसत नव्हती, म्हणून बाकावर काढून ठेवला.”

दोघांनी मुक्याकडे पाहिलं.

“बाकावरचा? तो ओला होता. मला वाटलं, वापरून परत आणलाय. मी छान गुंडाळून खुंटीला लावला.” आणि मग, मान खाली घालून, “वाळत.”

तिघांनी दिसलं ते केलं होतं. तिघांचंही बरोबर होतं. आणि दोर खाली कचेरीत होता!

ताईच्या तोंडावर शब्द आले होते. असे, की ते एकदा बाहेर पडले असते तर ही तिघं पुढचं वर्षभर प्रत्येक खिळा ठोकण्याआधी तिच्याकडे पाहत राहिली असती. तिने ते गिळले.

“दाराआडचा तो कागद माझा आहे,” ती म्हणाली. “अर्धाच लिहिला मी. विचारू नका हे ठीक. पण केलं की सांगा. ओरडून सांगा. कळलं?”

“कळलं.”

“काका, आता एका दोरात काय होतं?”

काकांनी डोळे बारीक केले. “मुक्या हलका आहे. कमरेला दोर बांधून दगडांवरून पलीकडे जाईल. मग आपण दोराला धरून जायचं. पण वर जाताना दोर सोबत लागणार. तो इथून सोडायला, आणि आपण परत फेकला की झेलून बांधायला, एक माणूस अलीकडे हवं.”

“कोण?”

“ज्याच्यावाचून वर अडणार नाही ते.”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तारा जोडायला तारवाली हवी. बर्फावर दोर लावायला काका. मनोऱ्यावर चढायला मुक्या.

“म्हणजे मी,” ताई म्हणाली.

“ताई, तसं नाही गं...”

“तसंच आहे. चला! ऊन तापतंय.”

•

अलीकडे काय होतं: एक सपाट दगड. दुर्बीण. वॉकीटॉकी, जिचा आवाज डोंगराआड वस्तीपर्यंत जात नव्हता. दगडात ठोकलेली एक मोकळी खुंटी. एक बाई.

पलीकडे काय होतं: बाकी सगळं.

•

दुर्बिणीतून तीन ठिपके उतार चढले. मनोऱ्याशी पोचले. मनोरा तिला पाठ होता. त्याची प्रत्येक तार तिने स्वतः ओढली होती. आता मुक्याने वर चढायचं, यंत्राचं झाकण उघडायचं...

मुक्या चढला नाही.

तारवाली पायथ्याशी गुडघे टेकून बसली. पेटी उघडली. आणि मनोऱ्याकडून येणारी जाड तार तिने कापली!

ताई ताडकन उठली. अंगठा बटणावर. अगं, काय करतेस! ती तार गेली म्हणजे यंत्र गेलं! एक शब्द, फक्त ‘थांबा’, आणि ते थांबले असते. तिचा आवाज ऐकून थांबायची सवय एवढ्या वर्षांतही त्यांची पुरती गेली नव्हती. शेवटचं घर तिच्या डोळ्यांपुढे आलं. भिंतीकडे तोंड केलेला बाप. तिथे वर ती असती तर तिने हात असे घातले असते, तसे घातले असते...

पण ती तिथे नव्हती. तिथे काय दिसतंय ते तिला इथून दिसत नव्हतं.

तिने अंगठा उचलला. आयुष्यात एवढं जड काही तिने उचललं नव्हतं.

वॉकीटॉकी खरखरली.

“ताई! मुक्या बोलतोय! विचारत नाही, सांगतोय! कड फाटलीय. भेग मनोऱ्याखालून गेलीय, हात जाईल एवढी. मनोरा सोडला! यंत्रही सोडलं! तारवाली बॅटरी सरळ इशारा पाठवायच्या पेटीला जोडतेय. पाणी मोजत नाही बसत, भोंगाच वाजवतो! ऐकलंस?”

“ऐकलं,” ताई म्हणाली.

तेवढंच.

आणि मग खालून, दरीतून, पाण्याच्या गर्जनेच्याही वरून तो आला. लांबलचक, बेसूर, कर्कश. भोंगा! ताईने डोळे मिटले, पण क्षणभरच. कारण तीन ठिपके पळत सुटले होते.

उतार. घसरण. काका पडले! मुक्याने दंड धरून उठवलं. मागे बर्फ कडाडला. मनोरा वाकला, एखादा म्हातारा खाली बसावा तसा सावकाश, आणि दिसेनासा झाला.

“दोर!”

पहिली फेक पाण्यात गेली. दुसरी दगडावर आपटली. तिसरी तिने हवेतच पकडली, तोल जाऊन गुडघ्यावर आपटली, तरी सोडली नाही. वेढा. वेढा. गाठ. “बांधला! या!”

तारवाली आली. मुक्या आला. काकांनी पलीकडचं टोक सोडून स्वतःच्या कमरेला बांधलं आणि उडी टाकली. पाण्याने त्यांना गिळलं! तिघांनी ओढलं. हाताची सालटी निघाली, तरी ओढलं. काका वर आले ते खोकत, शिव्या देत, जिवंत.

“सांगतो,” काका धापा टाकत म्हणाले, “माझा बूट गेला.”

मग पळाले, वर, कड्याच्या माथ्यावर. त्यांच्या पायाखालून तळं गेलं. राखाडी भिंतीसारखं, मोठमोठे दगड चेंडूसारखे घरंगळवत.

•

पाण्याने पूल नेला, दोन बागा नेल्या, नदीकाठचं शेवटचं घर नेलं. माणूस एकही नेलं नाही. मोहिमेच्या अहवालात ‘मनोरा वाचवला का?’ या रकान्यापुढे ताईने ‘नाही’ लिहिलं आणि खाली चौघांनी सह्या केल्या.

त्या दिवशी सकाळी, चौघं अजून अर्ध्या चढावर असताना, शेजारच्या घरातल्या सुनेने आणि तिच्या दिराने कोणालाही न विचारता, कोणालाही न सांगता म्हाताऱ्याला खाटेसकट उचलून टेकडीवर नेलं. तो वाटभर शिव्या देत होता.