पळतं बटन

तेर गावच्या स्टँडसमोर बब्रुवानचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. पन्नाशी आली तरी अंगातली खोड काय जाईना. कुणाच्या चपला लपव, कुणाच्या पिशवीत दगड टाक. माणसं हसायची, दुकान भरलेलं असायचं.

निराधारांच्या पगाराला हयातीचा फॉर्म लागतो. बब्रुवाननं तसंच एक खोटं पान बनवलं. वर नाव, खाली प्रश्न: 'अर्जदार हयात आहे का?' दोन बटनं, होय आणि नाही. माउसचा बाण 'होय'जवळ आला की पानाला खबर लागायची अन् बटन टुणकन पळायचं. कोडच्या एका ओळीची करामत.

पहिली सापडली म्हातारी कडूबाई. तिनं माउसला हात लावून कपाळाला लावला. नाव तिनंच टाइप केलं, एका बोटानं, अक्षर हुडकत. मग बाण 'होय'कडं नेला. बटन पळालं. परत नेला, परत पळालं. बाकड्यावरची माणसं तोंडात रुमाल कोंबून बसलेली.

"म्या जित्ती हाय की रं, बब्रू. मग हे मला का टाळतंय?"

"मशिनीला सगळं म्हाईत असतंय, मावशी. न्हाय दाबा अन् मोकळ्या व्हा."

तिनं 'नाही' दाबलं. दुकान खदाखदा हसलं. ती कुणाकडं न बघता चपला घालून निघाली. खरा फॉर्म तसाच राहिला. बब्रुवानला हसण्यातून हाकही मारता आली न्हाय.

आठव्या दिवशी ज्वारी निवडता निवडता ती गेली.

तेराव्याच्या पंगतीत तिचा लेक, श्रीमंत नाव त्याचं, बब्रुवानला वाढायला आला. "बब्रूभाऊ, आई सारखी म्हणायची, मशिनीत म्या मेले म्हून लागलंय, तेवढं नीट करून ये. मलाच सवड झाली न्हाय."

बब्रुवाननं हातातला घास ताटात ठेवला.

तो तडक दुकानात आला अन् ती ओळ पुसली. तपासायला पान उघडलं. बाण 'होय'वर नेला. बटन जागचं हललं न्हाय. त्याला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात नावाच्या रकान्यात एक अक्षर उमटलं.

ब.

त्याचा हात कीबोर्डवर नव्हता. थोडा वेळ काहीच न्हाय. मग ब्रु. कुणीतरी अक्षर हुडकावं तसं.

त्यानं कीबोर्डची वायर उपसली.

वा.

न.

त्यानं घाईनं 'होय' दाबायला बाण नेला. बटन बाजूला झालं.

परत नेला. परत झालं.

"चुकलं, मावशी," तो पुटपुटला. माउसवरचा हात काढून कपाळाला लावला.

बाण होता तिथंच थांबला. 'नाही' तेवढं हळूहळू बाणाकडं सरकत होतं.