गंधकाम्लाचा खंदक

निरंजन मोहिले जिना धावत चढला आणि वरच्या पायरीवर पोचायच्या आतच आम्लभक्षी त्याच्या मांडीवर चिकटला. घोंगडीएवढा करडा लगदा तो, पण पँटसकट कातडं सोलून आत शिरला. निरंजन किंचाळत खाली गडगडला. भिंतीवर रक्ताची चिळकांडी उडाली.

चूक त्याच्या बायकोची. डॉ. शरयू मोहिलेंना आम्लभक्षीच्या टाकीभोवतीच्या खंदकाच्या काठावर गंधकाम्ल झिरपताना दिसलं आणि त्यांनी सोड्याचं पोतं ओतलं. रसायनवाल्यांची ही खोडच; आम्ल सांडलं की हात आधी सोड्याकडे जातो, डोकं नंतर. अहो, पण इथं ते आम्लच तर कुंपण होतं! तेवढ्या जागी ते निकामी झालं आणि कारखान्यांचं सांडपाणी साफ करायला घडवलेला हा जीव तिथूनच बाहेर आला.

"माणसाला खात नाही म्हणालो होतो ना आपण!" निरंजन ओरडला.

"माणसाला नाही, आम्लाला! सेंद्रिय आम्लात कार्बन असतो, तोच ह्याचा घास. व्हिनेगर काय, मुंगीचं आम्ल काय, सगळं चालतं त्याला. गंधकाम्लात कार्बनच नाही, त्यात हा जळून मरतो."

"मग माझ्या मांडीत काय आहे?"

"दुग्धाम्ल. तू धावलास ना! दमलेल्या स्नायूत तेच साचतं. तडफडू नकोस रे, जितका झगडशील तितकं वाढेल!"

मांडीचं हाड दिसायला लागलं होतं. उपटून काढायला गेलं तर पायच निघून आला असता. शरयूला रडू फुटलं. माझ्या हातानं मारतेय मी ह्याला, एवढंच तिला कळत होतं.

मग ती खंदकाच्या शाबूत बाजूला जाऊन उभी राहिली आणि बैठका मारू लागली. भराभर, दात आवळून, मांड्या पेटेपर्यंत.

"शरयू, अगं, वेडी झालीस का? थांब!"

"तू गप्प पडून राहा."

निरंजनची शुद्ध हरपत आली, मांडी थंडावली. लगद्यानं ती सोडली आणि ताज्या आम्लाच्या वासानं तो शरयूकडे सरकला. ती जागची हलली नाही. तो दोन्ही मांड्यांत घुसला तशी तिनं किंकाळी फोडली आणि त्याच्यासकट खंदकात उडी घेतली.

कंबरेएवढं गंधकाम्ल उसळलं. लगदा काळा पडू लागला, तिची कातडीही. मांस जळल्याचा वास सुटला. वेदनेनं निरंजन भानावर आला आणि कोपरांवर खुरडत पुढं सरकू लागला.

"हलू नकोस!" ती ओरडली. "तो अजून जिवंत आहे. तू जोर केलास तर मला सोडून तुझ्याकडे येईल, आणि मग मी फुकट जळले रे!"

निरंजन थांबला. हात सैल सोडून, श्वास आवरून तो तसाच पडून राहिला आणि बायकोच्या किंकाळ्या ऐकत राहिला.