कधीही म्हणजे गुरुवारी

"मॅडम, तुम्ही अख्खा जिल्हा थंड करताय."

एसी दुरुस्त करायला आलेला माणूस दारातच हे म्हणाला. साउथ कॅरोलायनातली ऑगस्टची दुपार होती... हवा श्वासात घ्यायची की घोटाघोटाने प्यायची, कळू नये अशी. आणि वीबके यान्सनच्या भाड्याच्या घरातल्या सातही खिडक्या सताड उघड्या होत्या.

"घराला हवा लागते," वीबके म्हणाली. "दिवसातून तीनदा. दहा-दहा मिनिटं."

"घराला?"

"घराला."

त्याने टोपी काढली, खिडक्यांकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. एमेट पर्डी असं नाव त्याच्या खिशावर लाल दोऱ्याने शिवलेलं होतं. 'पर्डी'मधला शेवटचा टाका सुटला होता, आणि वीबकेची नजर नेमकी तिथेच अडकली. तिचा इलाज नव्हता. आठ महिन्यांपूर्वी ती उत्तर जर्मनीतल्या लेअर गावाहून इथल्या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आली होती, आणि केसभर चुकलेला भाग बाजूला काढणं हेच तिचं काम होतं.

तासाभरात एसी सुरू झाला. जाताना एमेट म्हणाला, "मी मागच्याच गल्लीत राहतो, मॅडम. पिवळं घर. या की एकदा कॉफीला."

"कधी?"

"कधीही!" त्याने हात हलवला आणि त्याची गाडी निघून गेली.

वीबके तिथेच उभी राहिली. लेअरमध्ये शेजाऱ्याने कॉफीला बोलवायला चार-पाच वर्षं घेतली असती. या माणसाने फक्त एक तास घेतला होता. म्हणजे गोष्ट साधी नव्हती. बुधवारी तिने आलुबुखारांचा केक भाजला आणि गुरुवारी दुपारी ठीक चार वाजता पिवळ्या घराची बेल वाजवली.

दार कुणी उघडेना. मागच्या अंगणातून मात्र आरडाओरडा ऐकू येत होता. एमेट पत्र्याच्या टबात कुत्र्याला आंघोळ घालत होता, आणि दोघांत ओला कोण जास्त, हे सांगणं अवघड होतं.

"अरे! मॅडम! काय झालं, परत बंद पडला?"

"नाही. मी कॉफीला आले."

"आज?"

"तुम्ही 'कधीही' म्हणालात. गुरुवार त्यात येतो."

एमेटच्या कोपरावरून फेस ठिबकत राहिला. मग तो हसला... तिला हसला नाही, पोटातून, स्वतःलाच हसला. "येतो की! अगदी बरोबर येतो. डीकन, टबातून बाहेर निघ, पाहुणे आलेत."

घरात कॉफीचा कणही नव्हता. होता तो फ्रिजमधला गार, गोड चहा. वीबकेचं गाव चहाबाजांचं. तिकडे चहात साय कशी सोडायची यावरून भावाभावांत अबोला धरतात. तिने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"हा चहा आहे?"

"चहाच."

"याच्यावर कसला प्रसंग ओढवला?"

केकची तिसरी फोड खाता खाता एमेटला ठसका लागला. ती निघताना तो म्हणाला, "पुन्हा या हं."

"पुढच्या गुरुवारी?"

या वेळी त्याने हात नुसता हलवला नाही. तिच्याकडे बघून नीट म्हणाला, "पुढच्या गुरुवारी. चार वाजता."

असे गुरुवार सुरू झाले.

दुकानातल्या बाईने "कशी आहेस?" विचारलं म्हणून वीबकेने तिला आपल्या गुडघ्याचं सगळं दुखणं सविस्तर सांगितलं, तेव्हा मागे किती मोठी रांग लागली होती ते एमेटनेच तिला हळूच सांगितलं.

"मग विचारतात कशाला?"

"ते दारावर टकटक केल्यासारखं असतं. आत यायचं नसतं कुणाला."

"मग टकटक कशाला?"

"दार आहे ना म्हणून!"

त्यालाही कळत गेलं... वीबके "वाईट नाही" म्हणाली, की ती वाहवा असते. तिला गप्प बसता येतं, आणि ते गप्प बसणं रागाचं नसतं. सप्टेंबरात एका गुरुवारी आभाळ कडाडलं आणि ओसरीवर आडवा पाऊस आला. दोघांनी खुर्च्या आत ओढल्या. जागा थोडी होती. हाताला हात लागत होता. पाऊस वीस मिनिटांत थांबला. खुर्च्या मात्र कुणी मागे सरकवल्या नाहीत.

इंग्रजीत 'तुम्ही' काय नि 'तू' काय, शब्द एकच. पण ऑक्टोबरातल्या दुसऱ्या गुरुवारी वीबकेने मनातल्या मनात त्याला 'तुम्ही'वरून 'तू'वर आणलं. त्याला याचा पत्ताही लागला नाही. तिचे मात्र कान तापले.

नोव्हेंबरात एमेट तिला आईकडे जेवायला घेऊन गेला. ऑडेलबाईंनी कोंबडी आणि भाताचा भाजलेला मोठा थाळा पुढे ठेवला. "सांग गं, कसा झालाय?"

वीबकेने नीट चावलं आणि विचार केला. "कडेने कोरडा आहे. मध्ये बरा आहे."

एमेटने डोळे मिटले. ऑडेलबाईंनी तिचा हात थोपटला आणि मधाळ आवाजात म्हणाल्या, "देव तुझं भलं करो गं, बाई!"

"आभारी आहे. तुमचंही करो," वीबके मनापासून म्हणाली.

गाडीत बसल्यावर ती खुशीत होती. "तुझ्या आईने मला आशीर्वाद दिला."

"वीबके... तो आशीर्वाद नव्हता."

"मग काय होतं?"

"आमच्याकडे बाया शिवी देतात ना, ती अशी असते."

वीबकेचा चेहरा पडला. पण दोनच दिवसांनी ऑडेलबाईंचा तिला फोन आला. चाळीस वर्षं सगळे 'छान, छान' म्हणत आले. तेव्हा आता खरं सांग, कडा कोरड्या पडू नयेत म्हणून काय करावं? अर्धा तास दोघी बोलत होत्या. एमेटला हे कळलं तेव्हा तो नुसताच डोकं खाजवत बसला.

वीबकेचा वर्षाचा करार डिसेंबरअखेर संपत होता. तीन वर्षं वाढवायचा की परत जायचं, हे शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचं होतं. फॉर्म टेबलावर पडून होता. त्या मंगळवारी दुपारी कारखान्यात तिला एमेटचा फोन आला. तो एका चर्चच्या छपरावर काम करत होता, वारा घोंघावत होता.

"गुरुवारी पाच वाजले तर चालेल? इथलं काम लांबलंय."

"चालेल."

"बरं, ठेवतो. लव्ह यू, बाय!"

फोन बंद झाला. वीबके दोन यंत्रांच्या मध्ये उभी राहिली. तिच्या आईवडिलांनी हे वाक्य एकमेकांना म्हटलेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. बाबा रोज सकाळी आईच्या सायकलीत हवा भरून ठेवायचे, त्यावर घर चाललं होतं. आणि इथे... छपरावरून, वाऱ्यात, एवढं मोठं वाक्य!

त्या दुपारी तिने तपासलेले सगळे भाग पास झाले. साहेबांनी येऊन विचारलं, बरं नाही का वाटत?

गुरुवारी पाच वाजता तिने केक कापलाही नाही. "मंगळवारी फोनवर तू जे म्हणालास, ते खरं आहे का?"

"काय म्हणालो?"

तिने सांगितलं. एमेटचा रंगच उडाला. "मी... असं म्हणालो? अगं, ती सवय आहे... फोन ठेवताना तोंडातून निघतं. परवा पार्ट्सच्या दुकानदारालाही म्हणालो."

"अच्छा," वीबके म्हणाली. तिने केकची सुरी खाली ठेवली, घडी केलेल्या रुमालाची पुन्हा एकदा घडी केली. "समजलं. आभारी आहे."

"वीबके, थांब ना—"

पण ती गेली. घरी येऊन तिने भांडी घासली, स्वच्छ असलेलीही. शुक्रवारी सकाळी फॉर्म भरला, पाकिटात घातला आणि ऑफिसात देऊन आली. आत काय लिहिलं, ते तिने कुणालाही सांगितलं नाही.

शनिवारी अकरा वाजता बेल वाजली. एमेट इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता, कॉलरची एक बाजू आत दुमडलेली.

"मला बोलू दे," तो म्हणाला. "मध्ये प्रश्न विचारू नकोस, नाहीतर विसरेन. ते वाक्य मी सगळ्यांना म्हणतो. आईला, कुत्र्याला, दुकानदाराला. खरंय. पण मंगळवारी फोन ठेवल्यावर मी त्या छपरावर वीस मिनिटं नुसता बसून राहिलो. दुकानदाराला म्हटल्यावर बसलो नव्हतो."

"मग सवय का म्हणालास?"

"घाबरलो! तू असं बघत होतीस... जणू मला तपासायला घेतलंय. वाटलं, आता नापास."

"कधीपासून?"

"काय?"

"हे. नक्की कधीपासून?"

एमेटने मान खाली घातली. "ते नाही सांगता येणार. पण गेल्या महिन्यात एका सकाळी दाढी करताना लक्षात आलं, मी लेअरचं हवामान बघतोय. का, तर तुझ्या आईला तिकडे थंडी वाजत असेल का..."

वीबके म्हणाली, "आमच्याकडे तीन वाक्यं असतात. पहिलं, तू मला आवडतोस. ते शेजाऱ्यालाही चालतं. दुसरं, माझा तुझ्यावर जीव आहे. आणि तिसरं... ते जपून ठेवतात."

"मी कितव्यावर आहे?"

"दुसऱ्यावर," ती म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. "सप्टेंबरपासून."

"सप्टेंबर! आणि तिसरं?"

"त्याला वेळ लागतो. करार तीन वर्षांचा आहे."

"कुठला क—" तो थबकला. "फॉर्म तर काल द्यायचा होता ना?"

"काल दिला."

"पण मी आज आलो!"

"हो. एक दिवस उशिरा." तिने हात पुढे करून त्याची कॉलर बाहेर काढली, सरळ केली. कॉलर सरळ झाली, तरी हात तिथेच राहिला.

तीन वर्षं जपायचं ठरवलेलं ते वाक्य अकराव्या दिवशी तिच्या तोंडून निघालं. ऑडेलबाईंच्या घरी एमेट शिडीवर चढून नाताळचे दिवे लावत होता, आणि ती खाली शिडी धरून उभी होती. तिने ते जर्मनमध्ये, अगदी पुटपुटत म्हटलं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. तार घट्ट बांध."

पण त्या शनिवारपासून एमेट रोज सकाळी एकच जर्मन वाक्य घोकत होता... कधी ऐकू आलं, तर ओळखता यावं म्हणून. तार तशीच लोंबकळत सोडून तो शिडीच्या तीन पायऱ्या एकदम उतरला.