रानकान क्रमांक एकेचाळीस

सकाळचे नऊ वाजले होते आणि अन्विताच्या घरात समुद्र गाजत होता. खराखुरा, आत्ताचा, सांगलीहून पावणेदोनशे किलोमीटर लांबचा.

"आई, ऐक ना! हे आरे-वारे. भरती आहे. लाट मागे जाते तेव्हा वाळू कशी चुरचुरते बघ!"

"ऐकते गं बाई, पण आधी तो चहा पी," आई म्हणाली. "समुद्र कुठं पळून जात नाही. चहा निवतोय."

नाताळच्या सुट्टीतल्या सहलीचा बेत यंदा अन्विताच्या हाती होता. दहावीतल्या मुलीच्या हाती अख्ख्या घराची सहल! बाबांना तिनं फक्त गाडी चार्ज करायचं काम दिलं होतं. गणपतीपुळ्याहून निघून किनाऱ्याकिनाऱ्यानं मालवणपर्यंत पाच दिवस. आणि असा बेत आखायचा तर रानकानांशिवाय आखायचा तरी कसा?

रानकान म्हणजे झाडाला पट्ट्यानं बांधलेली मुठीएवढी हिरवी डबी. किनारी रस्त्यालगतच्या पुळणींवर, खाड्यांत आणि रानांत अशा सहाशे डब्या रात्रंदिवस ऐकत बसलेल्या असत. त्या नुसत्या ऐकत नसत, ओळखतही असत. माणसाच्या अंगठ्यासारखा प्रत्येक जनावराच्या आवाजाचा ठसा वेगळा. त्यामुळे हा धनेश कालचाच की दुसरा, तो कुठल्या उंबरावर किती वाजता येतो, हे सगळं घरबसल्या कळे.

"रविवारी सव्वासातला धनेशाची जोडी," अन्वितानं पडद्यावर बोट ठेवलं. "मग जैतापूरच्या खाडीत पाणमांजरं. त्यांना तीन पिल्लं आहेत! सोमवारी देवगडच्या अलीकडे कोल्हे."

"आणि जेवायचं कुठं, ते सांगतं का तुझं रानकान?"

"आई! तू ना, कोल्ह्यांच्या मध्ये सुरमई आणतेस."

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला शलाकामामी यादी लिहीत बसली होती. दर्भ, पळसाची पानं, काळे तीळ. तीही हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. बेतातला एक मुक्काम अन्वितानं नव्हता ठरवला. तो मोठ्यांनी ठरवला होता. मंगळवार, नेवाळ्याचं रान.

परागमामा, म्हणजे आईचा मोठा भाऊ, रानकानं बसवण्याच्या कामावर होता. अडीच वर्षांपूर्वी, जूनमध्ये, नेवाळ्याच्या रानात दरड कोसळली तेव्हा तो तिथं होता. त्याची जीप मिळाली, टोपी मिळाली, तो मिळाला नाही. ज्याचा देह सापडत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मामीनं अडीच वर्षं 'नाही' म्हटलं होतं. या दिवाळीनंतर ती 'बरं' म्हणाली.

"तिथलं ऐकू का?" अन्वितानं विचारलं. एवढा वेळ उड्या मारणारा तिचा आवाज एकदम पायरी चुकल्यासारखा झाला.

"नको," आई म्हणाली.

"ऐकू दे," मामी म्हणाली. "मंगळवारी तिथं जायचंच आहे ना."

अन्वितानं एकेचाळीस क्रमांक दाबला. समुद्र बंद झाला. पानांची सळसळ आली, किरकिऱ्या किड्यांची एकसुरी करवत आली. कुठंतरी सुतार पक्षी खोड ठोकत होता. आणि मग शीळ.

एक लांब, एक लांब, एक चढत जाणारी, आणि शेवटाला दातातून निसटलेली हवा, 'स्स'.

अन्विताच्या ओठांनी तिला न विचारताच उत्तर दिलं. दोन छोट्या शिट्ट्या. लहानपणापासूनची सवय. बाजारात, जत्रेत, कुठंही मामानं अशी शीळ घातली की घरच्यांनी दोन छोट्या शिट्ट्यांनी 'इथे आहोत' सांगायचं. मामाचा पुढचा दात क्रिकेट खेळताना अर्धा तुटला होता. तो 'स्स' जगात आणखी कुणाचा नव्हता.

आईच्या हातातला कप बशीवर आपटला.

पडद्यावर हिरवी ओळ उमटली. अन्वितानं ती मोठ्यानं वाचली, कारण न वाचता बसणं शक्य नव्हतं. "भृंगराज पक्षी. नर. नक्कल. वय सुमारे सात महिने."

"पक्षी," आईनं श्वास सोडला. "नकला करतो ना तो? कुठल्याही आवाजाची?"

"हो, पण आई, सात महिने! हा मे महिन्यात अंड्यातून बाहेर आला. मामा तर..."

"बापाकडून शिकला असेल. बाप मामाकडून."

अन्विताची बोटं आधीच धावत होती. हा आवाज आधी कुठल्या पक्ष्यानं काढला होता का, हे रानकान शोधून देत असे. तिनं विचारलं. उत्तर आलं: नाही. तीन वर्षांत, सहाशे डब्यांत, एकदाही नाही.

"म्हणजे ह्यानं थेट मामाकडूनच ऐकलं!" तिनं पडद्यावरून मान वर केली. "पण मग मामाची शीळ डबीनं का नाही ऐकली? डबी तर सगळं ऐकते!"

"सगळं नाही," मामी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "माणसाचं ऐकत नाही. कायदा आहे. चोरून कुणाचं बोलणं ऐकू नये म्हणून. बोलणं, हाक, खोकला, शीळ, जे जे माणसाचं असेल ते डबी तिथल्या तिथं पुसून टाकते. ती चाळणी पराग स्वतः बसवायचा. मला म्हणायचा, शलाका, ही जगातली सगळ्यात सभ्य वस्तू आहे."

पक्ष्याच्या गळ्यातून आली म्हणून ती शीळ चाळणीतून सुटली होती.

"किती पुसलं ते कळतं," मामी म्हणाली. "काय पुसलं ते नाही, पण किती वेळा. लागोपाठचे आवाज ती एकदाच मोजते. तळाशी बघ."

अन्वितानं पडदा खाली सरकवला. दरडीनंतर नेवाळ्याची पायवाट बंद झाली होती. तिकडं गुराखीसुद्धा फिरकत नसे. एकेचाळीसच्या खात्यात शून्यच असायला हवं होतं.

काल, दोन. परवा, दोन. एक उजाडताना, एक सूर्य मावळताना. नोव्हेंबरभर दोन. पावसाळ्यातही दोन. ती मागं मागं सरकत राहिली. आकडे गाईच्या डोळ्यांसारखे तिच्याकडं शांत बघत होते. दरड कोसळल्याच्या चौथ्या दिवसापासून, शोधपथकांचे दिवस सोडले तर, रोज दोन.

"दादा आहे!" आई रडत होती आणि हसत होती. "वहिनी, दादा आहे गं! पाय मोडला असेल, वाट सापडत नसेल. मी आत्ता पोलिसांना..."

"मेधा, थांब." मामीनं तिचा हात धरला. "त्याला वाट सापडायची गरजच नव्हती. डबीची एक तार उपटली असती तरी पुरे होतं. डबी गप्प झाली की दोन दिवसांत दुरुस्तीला माणूस जातो. हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. अडीच वर्षं तो त्या डबीखाली उभा राहून शीळ घालतोय, आणि तार उपटत नाही. का?"

अन्विता पुन्हा त्या आकड्यांकडं वळली. तो मामाच असेल, तर त्याला सापडायचंच नाही. मामा नसेल, तर त्याच्या तुटक्या दातानं कोण शीळ घालतंय?

मामीनं यादी उलटी करून ठेवली. "भटजींना अजून काही कळवू नकोस. दर्भ बरोबर घेऊ, पण आधी आपण तिघीच रानात जायचं. सगळ्यात पहिल्यांदा नेवाळे. समुद्र नंतर."

अन्वितानं मान हलवली आणि पडद्यावर मंगळवारचा मुक्काम उचलून शनिवारवर ठेवला. धनेश, पाणमांजरं, कोल्हे सगळे एक दिवस पुढं सरकले.

तेवढ्यात पक्षी पुन्हा बोलला. एक लांब, एक लांब, चढता सूर, 'स्स'. पण या वेळी तो तिथं थांबला नाही. क्षणभर फक्त पानं सळसळली, आणि मग त्याच गळ्यातून, पण वेगळ्याच, कोवळ्या आवाजात, दोन छोट्या शिट्ट्या आल्या.

अन्वितानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. त्या तिच्या नव्हत्या.

मामी स्पीकरवर इतकी वाकली की तिचं कपाळ त्याला टेकलं.

"अनू," ती हलक्या आवाजात म्हणाली, "हे उत्तर फक्त आपल्याच घरात देतात ना गं? मग तिथं त्याला कोण देतंय?"