चौथ्या मजल्यावरची टोपली

दिवा गेलाय तर जाऊ दे, फरीद. आपल्या शुब्रा वस्तीतल्या गच्चीवर चांदणं काय कमी आहे? चहा घ्या, आणि मधेच फिदीफिदी हसू नका. ही माझ्या गॅरेजातल्या रिफातची गोष्ट आहे. त्याने माझ्यासमोर बसून, रडत सांगितलेली.

रिफात इंजिनात हात घातला की जेवण विसरणारा पोरगा. इब्तिसामशी त्याचा साखरपुडा होऊन बरीच वर्षं झाली होती. तिचे वडील हाजी सबरी म्हणजे नुसता खडूस माणूस. रमजान लागायच्या आत स्वतःच्या घराची किल्ली दाखव, नाहीतर अंगठी परत घे, असं त्यांनी बजावलं होतं. आता शहरात घर घेणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं राहिलंय का? शेवटी वाळवंटाकडच्या नव्या वसाहतीत एक जागा परवडण्यासारखी निघाली. त्याने ती एकदा बाहेरून पाहिली, पण इब्तिसामचं समाधान होईना.

"बिल्डिंग दिवसा बघितलीस," ती म्हणाली, "आता दिवेलागणीला जाऊन माणसं बघ. जन्म त्यांच्यात काढायचाय मला."

म्हणून तो गेला. रमजानच्या आधीचा शाबान महिना, त्याची चौदावी रात्र, गुरुवार, सूर्यास्ताची मगरिबची नमाज नुकतीच झालेली. मालकाला घेऊन दलाल यायचा होता, त्याला उशीर होता. रिफात बिल्डिंगखाली उभा राहिला. रस्ते रुंद, झाडं नवी, सगळं चकाचक. पण एक पोर खेळताना दिसेना. माणसं गाडीतून उतरत, मान खाली घालून आत जात. कोण पाहिजे, असं त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. आपल्या गल्लीत परका माणूस एवढा वेळ उभा राहिला असता, तर आतापर्यंत त्याच्या आजोबांचं नावही आपल्याला कळलं असतं. रिफातचं मन खट्टू झालं.

तेवढ्यात वरून दोरी आली आणि तिच्या टोकाला टोपली.

"बाळा," वरून म्हातारा आवाज आला, "गरम रोट्या आणतोस? मुलगा यायचाय माझा."

आपल्या जुन्या गल्ल्यांचा रिवाजच तो, टोपली खाली आली की कोण, कुठली, विचारायचं नसतं. सांगितलेलं आणायचं आणि ठेवायचं. तुम्ही मोबाईलवर मागवणारी पोरं, तुम्हाला त्यातलं काय कळणार! रिफातला मात्र एवढा आनंद झाला, की कोपऱ्यावरच्या भट्टीकडे धावतानाच त्याने इब्तिसामला फोन लावला. इथे टोपली खाली येते गं, म्हणाला. पलीकडून ती हसली, मग तिचा आवाज भरून आला.

"घे ते घर," ती म्हणाली. "आता आणखी काही बघू नकोस."

त्याने कोंडा लागलेल्या, वाफाळत्या रोट्या टोपलीत ठेवल्या. दोरी ओढली गेली. हळूहळू. मधेच थांबत. ओढणाऱ्याला धाप लागावी तशी. त्याने वर बघून दुवा दिली. गॅलरीत अंधार होता. हात दिसला नाही.

मग दलाल आला, मालक नादिरला घेऊन. नादिर कुवेतला नोकरीला होता, जागा विकायलाच सुट्टी काढून आलेला. जिना चढताना रिफात मोठ्या खुशीत त्या म्हातारीचं कौतुक करत होता. शेजार चांगला आहे हो तुमचा. मुलासाठी रोट्या मागवल्या तिने, चौथ्या मजल्यावरून.

दलाल थांबला.

"चौथ्यावर आपण बघायला चाललोय ती हीच एक जागा तयार आहे," तो म्हणाला. "बाकीच्यांना दारंसुद्धा नाहीत."

नादिरने पुढे होऊन किल्ली कुलुपाशी नेली... पण ती लागेना. मग भिंतीकडे तोंड करून त्याने सांगितलं. आईला जुन्या गल्लीतून त्यानेच इथे आणलं होतं. मोकळी हवा म्हणून. ती घरात पडली, मांडीचं हाड मोडलं. फोन दुसऱ्या खोलीत. कशीबशी गॅलरीपर्यंत सरकली आणि टोपली सोडली. कुणीतरी बघेल म्हणून. टोपली कित्येक दिवस लोंबकळत होती... लोक तिला वळसा घालून जात होते. कुणीतरी रखवालदाराकडे तक्रार केली म्हणे, गाडीला लागते म्हणून. आई तशीच वाट बघत गेली, त्याला वर्ष झालं.

दार उघडलं. आत वीज नव्हती. दलालाने मोबाईलचा उजेड टाकला. वर्षभराची धूळ. आणि टेबलावर... रोट्या. वाफ येत होती.

दलाल मोबाईल तिथेच टाकून पळाला. नादिर मात्र त्या टेबलापाशी लहान पोरासारखा बसला. रोटीचा तुकडा तोंडात घातला. "आलो गं आई," एवढंच म्हणत राहिला.

बऱ्याच वेळाने उठला आणि रिफातचे हात धरले. घेऊन टाक ही जागा, म्हणाला. देशील ते दे, नाहीतर काही देऊ नकोस, मला इथून सोडव.

विचार करा, पोरांनो. घर हातात आलं होतं. खिशात फोन वाजत होता, इब्तिसामचाच.

रिफात नाही म्हणाला.

रमजान लागला. हाजी सबरींनी अंगठी परत पाठवली. इब्तिसामला अलेक्झांड्रियात दिली. वरात निघाली तेव्हा रिफात माझ्या गॅरेजात एका गाडीखाली आडवा होता, हातात पानासुद्धा नव्हता. मी त्याला वाट्टेल ते बोललो. गाढवा, एका भुताला भिऊन पोरगी घालवलीस!

"भ्यालो नाही, उस्ताद," तो म्हणाला. "तिला घरातून काढणारा मी कोण?"

मग त्याने सांगितलं. नादिर रडत होता, तेव्हा त्या टाकलेल्या मोबाईलचा उजेड जमिनीवर पडला होता. धुळीत त्या तिघांखेरीज कुणाची पावलं नव्हती. ओढत गेल्याची ताजी खूण होती. गॅलरीतून टेबलापर्यंत. आणि टेबलापासून... दारापर्यंत, मुलाला आत घ्यायला गेल्यासारखी.

त्याने दार अर्धवट लोटून आतली बाजू पाहिली. खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाचे हात पोचतील तेवढ्या उंचीवर, दोन तळवे उमटले होते. रोटीच्या कोंड्याचे.